कुंपण कोणासाठी?

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाईच्या सुरक्षिततेबद्दल बोलणे निघाले की चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी येते : तिने कुठे जाऊ नये, किती वाजेपर्यंत परतावे, सोबत कोणाला न्यावे. वसतिगृहाच्या फाटकाची वेळ असो की रात्रपाळी, नेमका धोका कोणता हे कोणी नीट सांगत नाही. बंदी मात्र चटकन सांगतात. याविषयी आज मी डोंगराच्या वाटेने बोलणार आहे.

कामानिमित्त मी सध्या स्कॉटलंडमध्ये राहते. तिथे गेल्या सप्टेंबरात सुटीच्या दिवशी मी बेन ग्लास आणि बेन लॉअर्स हे दोन शेजारचे डोंगर एकटीने चढून आले. उंची ११०३ आणि १२१४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून कमीच. पण तिथली हवा तासातासाला बदलते.

आदल्या दिवशी फोनवर आईने विचारले, "एकटीच? सोबत कोणी नाही का गं?" डोंगर उतरत येणाऱ्या एका वयस्क बाईंनी विचारले, "नकाशा आणि होकायंत्र आहे ना? वर काही दिसत नाही." दोघींनाही माझी काळजीच होती. पण आईजवळ त्या काळजीवर सोबतीखेरीज उत्तर नव्हते, कारण तिला आयुष्यभर तेवढेच शिकवले गेले. त्या बाईंनी धोका काय आहे ते सांगितले आणि त्यावरचे साधनही.

धुके खरोखरच दाट होते. बेन ग्लासच्या माथ्यावर दगडांची रास तेवढी दिसली. तिथून ईशान्येला खिंडीत उतरायचे आणि पुढचा डोंगर चढायचा. मी होकायंत्र लावून, पायवाट तपासत चालले. भीती वाटली का? वाटली. पण ती वाट चुकण्याची, थंडीची, अंधार पडण्याची होती, आणि त्या प्रत्येकीवर माझ्याजवळ काही ना काही होते : गरम कपडे, टॉर्च, शिट्टी. कोणत्या वाटेने जाऊन केव्हा परतेन हे मैत्रिणीला लिहून दिले होते. पाच-साडेपाच तासांत मी खाली आले. एवढ्या वेळात 'आपल्याकडे कोण बघतंय' हा विचार एकदाही मनात आला नाही, हे खाली आल्यावर लक्षात आले.

हा डोंगर बायकांना नवा नाही. उतारावर जुन्या दगडी झोपड्यांचे अवशेष आहेत. पूर्वी उन्हाळ्यात गावातल्या बायका-मुले गुरे घेऊन इथे राहत, लोणी आणि चीज करीत. कामासाठी बाई डोंगरावर राहिली तर चालत होते, हौसेने गेली तेव्हा दार बंद झाले. १८८९ मध्ये निघालेल्या स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबने शंभर वर्षे बायकांना सभासद केले नाही. म्हणून १९०८ मध्ये जेन इंग्लिस क्लार्क, त्यांची मुलगी मेबल आणि लूसी स्मिथ यांनी याच भागात, लिक्स टोलजवळ, बायकांचा स्वतंत्र क्लब काढला. तो आजही चालू आहे. आपल्याकडे तरी काय वेगळे? पाण्याला, सरपणाला बाई रानात मैलभर एकटी जाते तेव्हा 'सोबत कोण' असे कोणी विचारत नाही.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क सर्वांना दिला. पण कागदावरच्या हक्काने डोंगर चढता येत नाही. मला पगारी सुटी होती, जाण्यायेण्यापुरते पैसे होते आणि संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी कोणी खोळंबले नव्हते. घरकाम करणाऱ्या आपल्या किती बहिणींना असा एक दिवस मिळतो?

शेवटी एका कुंपणाविषयी. या डोंगराच्या पायथ्याशी नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने काही जमिनीला कुंपण घातले आहे. मेंढ्या आणि हरणे कोवळे कोंब खाऊन टाकीत, त्यामुळे झाडे वाढत नव्हती. चरणारी जनावरे बाहेर ठेवल्यावर आत बर्च, रोवन, विलो पुन्हा वाढू लागले. झाडांना 'उगवू नका' असे कोणी सांगितले नाही. आपल्या गावाशहरांत नेमके उलटे चालते. त्रास देणारा मोकळा आणि कुंपण बाईभोवती.

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक यादी करावी : आपल्या वस्तीतल्या बाईला एक दिवस, काही काम नसताना, एकटीने बाहेर घालवायचा असेल तर काय काय लागेल? बस, दिवे, स्वच्छ संडास, हक्काची सुटी, घरी स्वयंपाक करणारे दुसरे हात. यातले काय घरात मागायचे आणि काय नगरपालिकेकडे, हे ठरवून कामाला लागू या. जिला डोंगर चढायचा नसेल तिने खुशाल तळ्याकाठी बसावे. पण कोणासोबत बसायचे, की एकटीनेच, हे तिचे तिने ठरवावे.