चित्रमहोत्सवात काय पाहावे?



आपल्या शहरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवीत आली आहे. महोत्सव जवळ आला की ओळखीची मंडळी रस्त्यात गाठून आम्हांस एकच प्रश्न विचारतात, "यातले नेमके बघायचे काय?" प्रश्न रास्त आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत खेळ चालू असतात, देश अनोळखी असतात आणि नावे जिभेवर बसत नाहीत. सगळेच पाहू म्हणणाऱ्याचे डोळे दुसऱ्या दिवशीच थकतात.

आम्ही एक साधी कसोटी ठरवून टाकली आहे. ज्या चित्रपटात माणूस पोटासाठी काय करतो ते दिसते, तो आधी पाहावा. बक्षिसांची यादी मागाहून वाचावी.

ही कसोटी आमची नव्हे, कोल्हापूरचीच आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा तो मूकपट. देवादिकांच्या कथा हमखास चालत होत्या त्या काळात त्यांनी कर्जाने नाडलेला शेतकरी पडद्यावर आणला. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीची वाट धरतो. त्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्याने चित्रपट काढणाऱ्या या माणसाचे हे धाडस! पण तो चित्रपट आज आपल्याला दाखविता येत नाही. त्याची प्रत उरलेली नाही. त्या वेळची फीत चटकन पेट घेणारी, न जपल्यास आपोआप कुजणारी; त्या काळातले बहुतेक मूकपट असेच गेले. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे, त्याला आपण हार घालतो. पण त्या परंपरेतले सर्वांत मोलाचे चित्र मात्र कोणी पाहू शकत नाही. आमच्या यादीत पहिली जागा म्हणून आम्ही रिकामीच ठेवतो.

त्या रिकाम्या जागेशेजारी आम्ही इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज' ठेवू. दिग्दर्शक व्हित्तोरियो द सिका, साल १९४८. भिंतींवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळते, पण अट एकच, सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवून आणते आणि पहिल्याच दिवशी सायकल चोरीस जाते. मग बाप आणि लहानगा मुलगा सारे रोम पालथे घालतात. शेवटी बाप काय करतो आणि ते मुलाच्या देखत कसे घडते, ते आम्ही सांगणार नाही. मुलाचा हात मात्र नीट पाहा. नायकाचे काम करणारा इसम नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता.

दुसरा इराणचा, अब्बास किआरोस्तामी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?', १९८७ सालचा. वर्गसोबत्याची वही चुकून आपल्या दप्तरात आली. उद्या ती नसली तर मास्तर त्याला शाळेतून काढणार. एवढ्यासाठी एक पोर डोंगरावरची नागमोडी वाट धावत शेजारच्या गावी जाते. वडील माणसांपैकी कोणी त्याचे धड ऐकूनही घेत नाही. त्यात लाकडी दारे घडविणारा एक म्हातारा भेटतो. लोक आता लोखंडी दारे बसवू लागले आहेत. मुलांना सोबत न्या. पडद्यावरची अक्षरे त्यांना वाचता आली नाहीत तरी अडणार नाही.

तिसरा जपानचा, यासुजिरो ओझू यांचा 'टोकिओ स्टोरी', १९५३. म्हातारे आईबाप मुलांना भेटायला राजधानीत येतात. मुलगा डॉक्टर, मुलगी केशभूषेचे दुकान चालविते. दुष्ट कोणीच नाही, फक्त कोणाला सवड नाही. सवड काढते ती विधवा सून. खरे सांगायचे तर प्रथम हा चित्रपट आम्हांस फार संथ वाटला आणि आम्ही मध्येच उठून मिसळ खावयास गेलो. पुढे वडील वारल्यानंतर पुन्हा पाहिला. त्या दिवशी उठवेना. चित्रपट तोच होता; सवड आम्हांला नव्हती.

चौथा आपल्या घरचा, भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं', १९६५ सालचा. लोहाराचे जोडपे, भाता, ऐरण आणि कष्टाचा घाम. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांचा तो अभिनय, 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांनी दिलेले ते संगीत. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाहिला आहे म्हणून टाळू नका. इटलीच्या चित्रपटानंतर पुन्हा पाहा. चादरी गहाण टाकणारी ती बाई आणि ऐरणीजवळची ही बाई सख्ख्या बहिणी वाटतील.

आणि जुना बोलपट दाखवीत असतील तर 'अयोध्येचा राजा' चुकवू नका. १९३२ साली 'प्रभात'ने तो इथेच, कोल्हापुरात केला. कंपनी पुण्यास गेली ती त्यानंतर, १९३३ साली. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे राजाराणीच्या वेषात आहेत, पण गोष्ट अखेर बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसांचीच आहे.

दिवसाला दोनच चित्रपट पाहा आणि मधल्या वेळात चहा घेत त्यांवर भांडा. न आवडल्यास तसे सांगा. पण शेवटपर्यंत बसून मग सांगा. परक्या मुलखातील माणसाची भाकरी कशी मिळते हे ज्याने पाहिले, त्याला तो मुलूख परका राहत नाही.

'सावकारी पाश' ज्यांनी पाहिला ती पिढी गेली आणि चित्रपटही गेला. जे उरले आहे ते पाहणे आपल्या हाती आहे. रिकाम्या खुर्च्यांपुढे चित्र फार दिवस टिकत नाही, एवढे ध्यानात ठेवून तिकीट काढावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.