घरचा उंबरठा आणि विहाराची वाट
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी कर्मसिद्धांत किंवा अनेकान्तवाद असा एखादा गहन विषय निवडला जाईल, अशी अनेकांची अपेक्षा असणार. प्रत्यक्षात निवडलेला विषय अगदी घरगुती आहे. घर सोडून परमुलखात जाणे माणसाला आवडते की नावडते? वरवर पाहता हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न वाटतो. परंतु यात्रेच्या नोंदणीचा कागद फलकावर लागल्यावर जे दृश्य दिसते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा प्रश्न इतका साधा वाटणार नाही.

काही नावे त्याच संध्याकाळी लिहिली जातात. ही मंडळी सम्मेदशिखर, पालिताणा, श्रवणबेळगोळ सारे करून आलेली असतात आणि पुन्हा निघण्यास सिद्ध असतात. काही नावे मुलाच्या किंवा सुनेच्या हस्ताक्षरात असतात. आणि निघण्याच्या तीन-चार दिवस आधी कुणी वडीलधारे गृहस्थ हळूच कार्यालयात येतात, गुडघा दुखत असल्याचे सांगतात आणि नाव मागे घेतात. कार्यालयात बसणाऱ्यांना ठाऊक असते की, दुखणे बहुतेक वेळा गुडघ्याचे नसते. त्या गृहस्थांना मुळात जायचेच नव्हते. मात्र तसे उघड सांगण्याची सोय राहिलेली नाही. हल्ली प्रवास न आवडणारा माणूस मागासलेला ठरतो, आणि तीर्थयात्रा न आवडणारा तर अधार्मिकच ठरतो.

जैन परंपरेने या प्रश्नाचा विचार फार निराळ्या रीतीने केला आहे. साधूला तिने सांगितले की, थांबू नकोस. आणि श्रावकाला सांगितले की, अमर्याद फिरू नकोस. मुनीला आठ महिने विहार आणि चातुर्मासाचे चार महिने एका स्थळी निवास. शेषकाळातही एका गावी एक महिन्याहून अधिक मुक्काम नाही; म्हणूनच नवकल्पी विहार असा शब्दप्रयोग रूढ झाला. गाव आवडले, लोक भाविक आहेत, प्रवचनाला गर्दी होते, एवढ्या कारणांनी मुक्काम वाढवता येत नाही. किंबहुना गाव आवडू लागले, हेच निघण्याचे कारण होते.

उलट श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दाही दिशांना आपण कुठपर्यंत जाऊ याची मर्यादा ठरवून त्यापलीकडे आजन्म न जाण्याचा हा नियम होय. त्याच्या जोडीला देशव्रत आहे, ज्यात ठरावीक काळापुरती ही मर्यादा आणखी संकुचित केली जाते: आज या पेठेबाहेर जाणार नाही, या घराबाहेर जाणार नाही, इथपर्यंत.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. ते व्यापाऱ्याने अवश्य वाचावेत. दिग्व्रताचा एक अतिचार क्षेत्रवृद्धी हा आहे. पूर्वेकडे फारसा धंदा नाही आणि पश्चिमेकडे मात्र चांगला भाव मिळतो आहे, तर पूर्वेचे काही योजन कमी करून ते पश्चिमेच्या मर्यादेत जोडून घ्यायचे. एकूण बेरीज तीच! खतावणीत अशी उलटापालट करणाऱ्यांचे मन सूत्रकारांना नेमके ठाऊक होते असे दिसते. देशव्रताचे अतिचार तर त्याहून सूक्ष्म आहेत. मर्यादेबाहेरची वस्तू आणवणे, मर्यादेबाहेर नोकराला पाठवणे, खाकरून किंवा हाक मारून पलीकडच्या माणसाला खुणावणे, आपले रूप दाखवून त्याचे लक्ष वेधणे आणि खडा फेकून सूचना देणे, असे ते पाच आहेत. हे वाचताना आजच्या श्रोत्याला हसू येईल, कारण घरात बसून दूरध्वनीवर सुरतेचा माल मागवणारा व्यापारी शब्दानुपात करतो, संगणकाच्या पडद्यावर परदेशातील नातवाला चेहरा दाखवणारे आजोबा रूपानुपात करतात, आणि कुरियरने येणारी प्रत्येक पेटी हे आनयनच होय. यात नातवाला चेहरा दाखवणाऱ्या आजोबांना कुणी दोष देऊ नये. व्रत घेतलेच नसेल तर अतिचार कुठला? परंतु एक गोष्ट यावरून स्पष्ट होते. पाय घरात असले म्हणजे मनही घरात असते, असे परंपरेने कधीच मानले नाही.

दिग्व्रताची आवश्यकता ज्या समाजाला भासली, तो समाज मुळात फिरणारा होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. महाराष्ट्रातील बाजारपेठांत आज स्थिरावलेली अनेक जैन घराणी मारवाडातून, गुजरातेतून, कच्छमधून लोटा-दोरी घेऊन आलेली आहेत. त्या पिढीला प्रवास आवडत होता का, असे कुणी विचारले नाही. दुष्काळ, कर्ज आणि घरात खाणारी तोंडे यांनी तो प्रश्न परस्पर निकालात काढला होता.

सुदैवाने अशा एका जैन व्यापाऱ्याने स्वतःची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूर येथे झाला आणि १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी अर्धकथानक हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून आपली निम्मी कथा सांगितली, म्हणून हे नाव. त्यांचे वडील खरगसेन पुत्रप्राप्तीच्या नवसासाठी रोहतकला गेले आणि वाटेत चोरांनी सर्वस्व लुटल्यामुळे अंगावरच्या वस्त्रांनिशी परतले. पुढे तेच खरगसेन संघाबरोबर सम्मेदशिखराला गेले, आणि परतताना संघातील अनेकांप्रमाणे तेही गंभीर आजारी पडले.

स्वतः बनारसीदास पंचविशीच्या सुमारास तूप, तेल, थोडे जवाहीर आणि जौनपुरी कापड घेऊन आग्र्याला विकण्यास निघाले. इटाव्याजवळ मुसळधार पावसाने गाठले. सराईत जागा नाही, कुणी दारात उभे करीना. अखेर पहारेकऱ्यांच्या झोपडीत आसरा मिळाला. तर तिथेही एक दांडगा माणूस आला, त्याने खाट स्वतःकडे घेतली, आणि बनारसीदास व त्यांचे सोबती त्या खाटेखाली झोपले. आग्र्यात धंदा बुडाला. काही रत्ने वाटेत हरवली, काही उंदरांनी पळवली. एका कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवून त्यांनी दिवस काढले आणि रात्री मधुमालती व मृगावती या प्रेमकथा वाचून दहा-वीस श्रोत्यांचे मन रमवले. दुसऱ्या एका प्रवासात तर वाट चुकून ते चोरांच्याच गावी पोहोचले. तेव्हा प्रसंगावधान राखून संस्कृत श्लोक म्हटला, सुताची जानवी करून गळ्यात घातली आणि ब्राह्मण म्हणून रात्र निभावली!

इतका प्रवास घडूनही या ग्रंथात प्रवासाच्या आनंदाचे वर्णन शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. नद्या, डोंगर, नवे प्रदेश यांचे कौतुक नाही. आहेत ती माणसे: खाट बळकावणारी, उधारी देणारी, कथा ऐकायला जमणारी. व्यापाऱ्याचा प्रवास असाच असतो. ज्यांनी खांद्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन आठवड्याचे बाजार केले, त्या जुन्या पिढीला हे वेगळे सांगावयास नको.

आता ज्यांच्या चालण्याला हेतू होता, पण लाभाचा नव्हता, अशा एका विभूतीचे स्मरण करणे उचित ठरेल. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज मूळचे बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे. गृहस्थाश्रमात घरच्या कापड दुकानात बसण्याची वेळ आली की ते गिऱ्हाइकालाच कापड मोजून घ्यायला सांगत, असे त्यांच्या चरित्रात येते. (हा प्रयोग आजच्या कापड बाजारात कुणी करून पाहिल्याचे ऐकिवात नाही.) दीक्षेनंतर १९२७ मध्ये महाराज संघासह दक्षिणेतून पायी निघाले आणि १९२८ मध्ये सम्मेदशिखराला पोहोचले. दिगंबर मुनींचा असा विहार उत्तरेकडील लोकांनी कित्येक पिढ्यांत पाहिला नव्हता. पुढची वर्षे त्यांनी उत्तर भारतात पदविहार केला.

परंतु त्यांच्या चालण्याचे खरे मर्म शेवटी कळते. वृद्धापकाळी दृष्टी मंदावली. मुनीने चार हात पुढची भूमी पाहून, जीवजंतू टाळून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती. भूमी दिसेनाशी झाली तेव्हा चालणे म्हणजे हिंसा झाली असती, आणि दुसऱ्याने उचलून नेणे त्यांना स्वीकार्य नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली आणि सप्टेंबरमध्ये देह ठेवला. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या डोळ्यांनी जाता येईल तेवढेच जाणे, ही त्यांची मर्यादा होती.

पायी चालण्याचा हा नियम किती कठोरपणे पाळला गेला याचे आणखी एक उदाहरण सर्वपरिचित आहे. १८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराजांना आले होते. साधूला वाहन वर्ज्य, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवले. वीरचंदभाई परत आल्यावर समुद्रपर्यटन केल्याबद्दल समाजातील एका गटाने गदारोळ केला, आणि महाराजांनी मात्र त्यांची पाठराखण केली. स्वतः न जाणाऱ्याने जाणाऱ्याची बाजू घ्यावी, हे आजही विरळाच दिसते. त्यानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी, एप्रिल १९१९ मध्ये, सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीची लॉयल्टी ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. समाजाचे मत बदलायला वेळ लागतो, पण व्यापार आडवा आला की फार लागत नाही!

आजचा प्रवास मात्र या सर्वांहून वेगळा आहे. पूर्वी घर सोडून जावे लागे. आता घर बरोबर नेता येते. यात्रा कंपनीच्या गाडीत स्वयंपाकी असतो, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असतो, सूर्यास्तापूर्वी पाने वाढली जातात. पिशवीत खाकरे, दशम्या, मेतकूट असते. याला हसण्याचे कारण नाही. ज्या श्राविकेने आयुष्यभर विहिरीचे पाणी गाळून जिवाणी त्याच विहिरीत परत सोडली, तिने धावत्या रेल्वेत ते कसे करावे? घराबाहेर पाऊल टाकताच तिचे नियम एकेक करून सुटू लागतात. तिला प्रवास नकोसा वाटतो, त्याचे मूळ पुष्कळदा या ठिकाणी असते. ती हे बोलून दाखवीत नाही. गुडघा दुखतो असे सांगते.

याच पेठेतील एका वयोवृद्ध श्राविकेची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. मुलगा न्यू जर्सीत स्थायिक झाला. त्याने मोठ्या प्रेमाने आईला सहा महिन्यांसाठी नेले. तेथे जिनमंदिर आहे, पाठशाळा आहे, समाजही मोठा आहे. आईंना सारे आवडले. पण मंदिर मोटारीच्या अंतरावर होते, आणि आठवड्याचे पाच दिवस मुलगा-सून कामावर. डिसेंबरात तिथे दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहारामुळे त्याआधी एकटीने पान घेऊन बसायचे, आणि मुले घरी येऊन जेवू लागली की समोर नुसते बसायचे. चार महिन्यांतच त्या परत आल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीने विचारले, “काय आजी, अमेरिका आवडली नाही का?” त्यांनी उत्तर दिले, “आवडली की गं. पण तिथं मला कुणीतरी न्यावं लागायचं. इथं मी जाते.”

आजींचे हे दोन शब्द, नेणे आणि जाणे, यांत या विषयाचा पुष्कळसा उलगडा होतो. लोटा-दोरी घेऊन निघालेले पूर्वज नाइलाजाने का होईना, गेले होते. विहार करणारे मुनी जातात. दिग्व्रत घेऊन घरी राहणारा श्रावकही स्वतःच राहतो. मुलाच्या हस्ताक्षरात ज्याचे नाव यादीत लागते, त्याला मात्र नेले जाते. आईवडिलांना यात्रा घडवण्यात पुत्राला धन्यता वाटते, ती खरीच आहे. शिखरजीची वंदना चढ-उतार आणि टोंकांची परिक्रमा धरून सुमारे सत्तावीस किलोमीटरची. त्या वाटेवर डोलीत डोळे मिटून बसलेल्या एखाद्या वृद्धाचा चेहरा पाहिला म्हणजे ही यात्रा नक्की कुणाची, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. याच्या उलटही घडते, हे सांगितले पाहिजे. जाण्याची तीव्र इच्छा असलेल्या विधवा वहिनीचे किंवा आत्याचे नाव लिहायला घरात कुणालाच सुचत नाही. यादीत चुकून लागलेल्या नावांइतकीच ही न लागलेली नावेही मोजली गेली पाहिजेत.

म्हणून यात्रा समितीपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. नोंदणीच्या कागदावर प्रत्येक यात्रेकरूची स्वतःची सही किंवा अंगठा असावा, आणि साठीपुढील व्यक्तींशी समितीतील एखाद्या भगिनीने घरी जाऊन, मुलांच्या अनुपस्थितीत, बोलावे.

जे जाणार नाहीत त्यांच्यासाठीही परंपरेने सोय ठेवलेली आहे. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला सुरू होते. त्या दिवशी ज्यांना पालिताण्याला जाता येत नाही, ते आपल्या गावी शत्रुंजयाचा पट उभारून त्यासमोर भावयात्रा करतात. पट म्हणजे कापडावर रंगवलेला अख्खा गिरिराज: पायथा, पायऱ्या, टुंका, मंदिरे, चढणारे यात्रेकरू. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांचा तो डोंगर काही हात कापडात मावलेला असतो. घरी राहिलेल्यांची यात्रा कमी प्रतीची मानली असती, तर त्यांच्यासाठी कुणी एवढ्या कष्टाने तो रंगवला नसता.

आपल्या न्यासाचा पटही आता जुना झाला आहे. घड्यांवर कापड विरले आहे आणि उजवीकडच्या पायऱ्यांचा रंग उडाला आहे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात नवा पट करून घ्यावा, आणि त्यासाठी सुताचे घट्ट विणीचे कापड निवडावे. पॉलिएस्टरवर रंग बसत नाही आणि उन्हात ते चकाकते. यंदाच्या कार्तिकी पौर्णिमेला तो उभारायचा असेल तर चित्रकाराला आषाढातच काम सांगावे लागेल.

जय जिनेन्द्र.