भाऊ काढला, मुलगी गेली : बदलत्या अर्जांची गोष्ट

मी लखनऊ छावणीतून बोलतोय. मागच्या भागाखाली पुणे, बेळगाव, इंदूरहून एकच प्रश्न आला होता : जावाच्या विकेटमध्ये चालता-चालता रकाने वाढणारा अर्ज ताजा कसा करायचा? आज तेवढंच बघू.

छावणीत राहणाऱ्याला अर्जांचं महत्त्व सांगायला नको. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ई-छावनी पोर्टल सुरू केलं आणि देशातल्या ६२ छावणी परिषदांच्या सेवा एका ठिकाणी आल्या. ते पोर्टल विकेटवर आहे असं मी म्हणत नाही. पण खिडकीपुढची रांग पडद्यावर आली की पडद्यावरची चूक थेट माणसाच्या कागदावर उतरते, एवढं लक्षात ठेवा.

आता माझी फजिती. एका कार्यालयासाठी आम्ही कुटुंबातल्या अवलंबितांचा अर्ज केला होता. आई, भाऊ, मुलगी अशा तीन ओळी. चाचणीला बसलेल्या बाईंनी भावासमोरचं 'काढा' दाबलं. पडद्यावर आई आणि भाऊ राहिले, मुलगी गायब! तसंच जतन केलं असतं तर मुलीच्या नोंदीवर भावाचं नाव चढलं असतं.

असं का झालं? विकेटमध्ये प्रत्येक रकान्याचा एक घटक सर्व्हरवर जिवंत असतो. त्याच्याकडे दोन गोष्टी असतात : मॉडेलमधली पक्की किंमत आणि वापरणाऱ्याने नुकताच टाइप केलेला कच्चा मजकूर. पडताळणी पार पडली की कच्चा मजकूर मॉडेलमध्ये जातो आणि पुसला जातो. तोवर पडद्यावर कच्चा मजकूरच दिसतो.

आमचं 'काढा' बटण पडताळणी टाळून चालत होतं. ते बरोबरच आहे. ओळ काढायची तर जन्मतारीख भरा म्हणून कशाला अडवायचं? पण त्यामुळे मजकूर कच्चाच राहिला. ओळी लिस्ट-व्ह्यूमध्ये होत्या, आणि तो ओळीला ओळखतो क्रमांकाने. यादीतून भाऊ गेला, मुलगी दुसऱ्या क्रमांकावर आली, पण दुसऱ्या क्रमांकाच्या घटकात भावाचा कच्चा मजकूर तसाच होता. शेवटचा घटक जास्तीचा म्हणून गेला.

तुम्ही म्हणाल, ओळींचा पुनर्वापर बंद करू. मग प्रत्येक वेळी ओळी नव्याने बांधल्या जातात आणि अर्धवट टाइप केलेलं सगळं जातं. आगीतून फुफाट्यात.

उपाय असा. ओळीला क्रमांक नको, ओळख द्या. रिपीटिंग-व्ह्यू घ्या, प्रत्येक ओळीला न्यू-चाइल्ड-आयडीने स्वतंत्र नाव द्या, आणि तिच्या मॉडेलमध्ये ती व्यक्तीच ठेवा. काढताना यादीतून व्यक्ती काढा आणि तोच घटकही काढा. बाकीच्या ओळींना धक्का लागत नाही, त्यातला मजकूरही टिकतो.

आता ताजं करण्याकडे. एजॅक्सने रिपीटर थेट ताजा करता येत नाही. त्याला एका वेब-मार्कअप-कंटेनरमध्ये ठेवा, कंटेनरवर सेट-आउटपुट-मार्कअप-आयडी चालू करा आणि टार्गेटमध्ये तो कंटेनर द्या. ब्राउझरला जागा आयडीनेच सापडते. एखादा रकाना सुरुवातीला लपलेला असेल तर त्याची पानावर जागाच नसते. त्याच्यासाठी सेट-आउटपुट-मार्कअप-प्लेसहोल्डर-टॅग वापरा.

दुसरा खड्डा. 'घर भाड्याचं की स्वतःचं' हा ड्रॉपडाउन बदलला की घरमालकाचे रकाने उघडायचे आहेत. त्यासाठी आपण एजॅक्स-फॉर्म-कंपोनंट-अपडेटिंग-बिहेवियर लावतो. पण त्यातून सर्व्हरला कळतो तो फक्त ड्रॉपडाउन. शेजारी टाइप केलेला पत्ता सर्व्हरकडे पोचलेलाच नसतो. अशा वेळी सगळा अर्ज ताजा केलात तर पत्ता गेला. म्हणून घरमालकाच्या रकान्यांचा छोटा कंटेनर करा आणि तेवढाच ताजा करा. सगळंच ताजं करायचं असेल तर आधी सगळा अर्ज पाठवा.

तिसरा खड्डा याच्या उलट. तुम्ही कोडमधून मॉडेल बदललं, पण पडद्यावर जुनंच दिसतंय. पडताळणीत अडकलेला कच्चा मजकूर आडवा येतोय. त्या रकान्यावर क्लिअर-इनपुट बोलवा, मग ताजा करा. मात्र फक्त त्याच रकान्यावर. सगळ्या अर्जावर बोलवाल तर माणसाची मेहनत पुसाल.

जेएसएफवाल्यांनो, तुमच्याकडेही हेच दुखणं आहे. घटक जुना मजकूर धरून बसतो, २.२ आवृत्तीपासून एफ-एजॅक्सला रिसेट-व्हॅल्यूज दिलंय ते यासाठीच.

घरचा अभ्यास : तीन ओळी भरा, एकीत मुद्दाम चुकीची तारीख टाका, जतन करा, चूक दिसली की मधली ओळ काढा. उरलेल्या दोन ओळी बरोबर माणसांच्या आहेत का, ते बघा. नसतील तर आज रात्री दुरुस्त करा. उद्या त्या ओळीत कुणाची तरी मुलगी असेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.