भावफलकाच्या पलीकडे
(चिंचोटी, ता. वसई येथील शिबिरातले भाषण)



आपण कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. चिंचोटी हा भाताचा मुलूख. मग शिबिर इथे का? जरा नाक्यावर जाऊन उभे राहा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून इथे कामणमार्गे भिवंडीचा रस्ता फुटतो. भिवंडीच्या यंत्रमागांवर सुताचे कापड होते. आपण बाजारात माल टाकून घरी परततो, तेव्हा मालाचा खरा प्रवास सुरू होतो. आपण तो पाहतच नाही.

आपल्याला दिसतो क्विंटलचा भाव. व्यापारी मात्र कापसात रुई आणि सरकी पाहतो. रुईचा सौदा खंडीवर होतो. खंडी म्हणजे 356 किलो. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 36 किलो रुई निघते, थोडी घट जाते, बाकी सरकी.

हिशेब मांडू. समजा, रुई किलोला 150 रुपये आणि सरकी 35 रुपये. एकाच्या कापसात 33 किलो रुई, 65 किलो सरकी. झाले 7,225 रुपये. दुसऱ्याच्या कापसात 36 किलो रुई, 62 किलो सरकी. झाले 7,570 रुपये. क्विंटलमागे फरक 345 रुपयांचा. बाजारात दोघांना एकच भाव मिळाला, तर हे पैसे कोणाच्या खिशात गेले?

आता आम्हा कृषी पदवीधरांची चूकही सांगतो. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित ज्वारीचे वाण आले. ताटे बुटके, दाणा भरघोस. आमच्या शास्त्राने दाण्याचे क्विंटल मोजले. रब्बीतला शेतकरी मात्र मालदांडी सोडीना. त्याला आम्ही अडाणी समजलो. तो भाकरीची चव पाहत होता आणि कडब्याच्या पेंढ्याही मोजत होता. दुष्काळात जनावर दावणीला राहते ते कडब्यावर. आमच्या वहीत कडब्याला रकानाच नव्हता.

चाऱ्याची किंमत या जिल्ह्याला जुनी ठाऊक आहे. इथले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. रानातले गवत, त्याला कसला भाव, असे वरवर वाटे. पण त्यावर व्यापारी उभे राहिले आणि कापणाऱ्या वारल्यांच्या हाती तुटपुंजी मजुरी पडली. 1945 साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली उठले, तेव्हा गवतकापणीची मजुरी हा मोठा प्रश्न होता. माल कुठे जातो आणि तिथे त्याची गरज किती, हे ज्याला ठाऊक, त्याच्या हाती भाव.

म्हणून पुढच्या हंगामाचे नियोजन 'गेल्या साली काय भाव होता' एवढ्यावर करू नका. तीन कामे करा. एक, गावातल्या पाच-दहा जणांनी एकाच वाणाचा स्वच्छ कापूस वेगळा ठेवून जिनिंगमध्ये उतारा काढून घ्या. दोन, उतारा चांगला असेल तर एकत्र जिनिंग करून रुई-सरकी विकणे परवडते का पाहा. जिनिंग, हमाली, वाहतूक, थांबायचे व्याज, सगळे धरा. तोट्यात जात असेल तर करू नका. पण तोच उतारा दाखवून भाव मागा. तीन, ज्वारीचे वाण निवडताना दाण्याशेजारी कडब्याचा रकाना आखा.

पुढच्या जिल्हा बैठकीला घोषणा कमी आणा, हे आकडे आणा. व्यापाऱ्याच्या वहीत आपल्या मालाचा जो हिशेब असतो, तो आधी आपल्या वहीत असला पाहिजे.