अभयारण्याचा शेजार आणि उद्योगांचे नियोजन



उद्योग हवा की काळवीट, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. कोणता उद्योग कोठे असावा, असे विचारणे अधिक योग्य होय. त्याचा निर्णय भांडवल गुंतण्यापूर्वी, जागा निवडतानाच झाला पाहिजे.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम १८ चौरस किलोमीटर आहे. गवताळ माळ हे काळविटाचे घर. परंतु झाडे विरळ असल्याने असा माळ पडीक समजला जातो आणि खाणीसाठी वा कारखान्यासाठी प्रथम त्याच्याकडेच बोट दाखवले जाते. काळविटास सीमेचे दगड ठाऊक नसतात. भोवतालचा माळ गेला की कळप सोयाबीन-तुरीच्या शेतात उतरतात आणि नुकसान शेतकऱ्याच्या पदरी पडते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी भुयारी व उन्नत मार्ग बांधण्यात आले. दळणवळण वाढले की जमिनीची मागणी वाढणारच. म्हणून नियंत्रणाचे महत्त्वही वाढले आहे.

हे नियंत्रण दुहेरी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यातील अधिवासाची हानी परवान्याविना करता येत नाही. सीमेबाहेर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवले जाते. तेथे व्यापारी खाणकाम, खडी क्रशर व प्रदूषणकारी कारखाने यांना सामान्यतः मनाई असते. हॉटेले व रस्तारुंदीकरण यांचे नियमन होते. सेंद्रिय शेती व जलसंधारणास उत्तेजन मिळते. चालू शेतीस बंदी नसते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये सरसकट किमान एक किलोमीटरचा पट्टा सांगितला होता. एप्रिल २०२३ मध्ये ही अट शिथिल झाली. तथापि अभयारण्यात व त्याच्या सीमेपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकामाची मनाई कायम राहिली.

मात्र अधिसूचना दप्तरात राहिली तर तिचा उपयोग काय? गावाच्या नकाशावर संवेदनशील क्षेत्राचे गट क्रमांक दाखवावेत व तो नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावावा. ठराव देण्यापूर्वी सदस्यांनी, बिगरशेती वा गौण खनिजाचे प्रकरण पुढे पाठवण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी तो पाहावा. शिक्षकांनी मुलांना माळाची ओळख करून द्यावी. क्षेत्राबाहेर योग्य जागा वेळीच दाखवली, तर उद्योजकाचा पैसा आणि काळविटाचा माळ, दोन्ही वाचतील.