सोलापूरचा दांडा आणि चीनची मोटार

सोलापूर आणि चीन हीं दोन नांवें एकत्र उच्चारलीं कीं मराठी श्रोत्याला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि तें यथायोग्यच आहे. १९१० मध्यें सोलापुरांत जन्मलेला हा तरुण १९३८ मध्यें भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ च्या डिसेंबरांत तेथेंच निवर्तला. पुढें भारतभेटीस आलेल्या अनेक चिनी पुढाऱ्यांनीं त्याच्या कुटुंबीयांची आवर्जून भेट घेतली. परंतु सोलापूरला चीनशीं जोडणारा दुसराही एक धागा आहे. त्यावर कोणी चित्रपट काढलेला नाहीं, कारण तो लोखंडाचा आहे.

मोटारीच्या एंजिनांत हवा व इंधन आंत घेणाऱ्या आणि जळलेला वायु बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्या नेमक्या क्षणीं उघडाव्या व मिटाव्या म्हणून आंत एक दांडा फिरत असतो. त्याच्या अंगावर अंडाकृति उंचवटे असतात. हाच कॅमशाफ्ट. एंजिनाच्या मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हां ह्याचा एक होतो. उंचवटे मिनिटाला शेंकडों वेळां घासले जातात म्हणून ते अत्यंत कठीण हवेत. पण सबंध दांडाच तितका कठीण केला तर तो ठिसूळ होऊन मोडावयाचा. ह्यावर ओतशाळेंतील युक्ति मोठी सुंदर आहे. सांच्यांत उंचवट्यांच्या जागीं धातूचे तुकडे बसवितात. तप्त रस त्यांना भिडतांच तेथें झटकन् निवतो व कठीण बनतो. बाकीचा दांडा सावकाश निवतो आणि कातकामास योग्य राहतो. एकाच ओतकामांत दोन प्रकृतींचें लोखंड निर्माण होतें.

१९९२ मध्यें स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ह्या कंपनीनें ही विद्या सोलापुरांत रुजविली. ज्या नगराला समुद्र नाहीं, बंदर नाहीं आणि पाण्याचीही चिंता पांचवीला पुजलेली, तेथून जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा कंपन्यांना हे दांडे जाऊं लागले. ह्याचें महत्त्व समजण्यास सोलापूरचा इतिहास डोळ्यांपुढें हवा. १८७७ मध्यें येथें सूतगिरणी सुरू झाली आणि गिरणीच्या भोंग्यावर गांवाचें घड्याळ चालूं लागलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठ्या गिरण्या बंद पडत गेल्या. चादर व टॉवेल विणणारे माग राहिले, परंतु गिरणीच्या पगारावर उभें असलेलें जीवन मोडलें. अशा गांवांत ओतशाळेची भट्टी पेटती राहणें ही केवळ एका कंपनीची गोष्ट नव्हे.

गंमत अशी कीं, सुताच्या व्यापारांत एके काळीं चीन हें गिऱ्हाईक होतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांचें सूत जहाजें भरभरून चीनला जात असे. पुढें जपानी आणि खुद्द चिनी गिरण्यांनीं ती बाजारपेठ हिरावली. मोटारींच्या बाबतींत मात्र चीननें निराळाच डाव मांडला. १९९४ च्या धोरणानें परदेशी मोटार-कंपन्यांना स्थानिक भागीदार घेणें भाग पाडलें. त्यायोगें कारखाने आले, कारागीर तयार झाले. तरीही पेट्रोल एंजिनांत जर्मनी व जपान ह्यांना गांठणें अवघड आहे हें पेकिंगच्या राज्यकर्त्यांनीं ओळखलें. २००७ मध्यें विज्ञानमंत्री झालेले वान गांग हे पूर्वी जर्मनीच्या आउडी कंपनींत अभियंता होते. विजेच्या मोटारीचा पक्ष त्यांनीं उचलून धरला. सरकारी तिजोरी पाठीशीं उभी राहिली. १९९५ मध्यें बॅटऱ्या बनविण्यासाठीं निघालेली बीवायडी ही शेन्झेनची कंपनी जगांतील अग्रगण्य मोटार-कंपनी बनली. २०२३ मध्यें चीननें मोटारींच्या निर्यातींत जपानलाही मागें टाकलें. शर्यत जिंकतां येत नसेल तर मैदानच बदलावें, हा हिशेब त्यांत होता.

आणि केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींत झडपा नसतात, म्हणून कॅमशाफ्टही नसतो.

स्वस्त मालाशीं झुंजतां येतें. परंतु आपला मालच ज्या यंत्रास नको, त्याच्याशीं कशी झुंज द्यावयाची? सोलापूरच्या कंपनीनें ह्याचा विचार केला नाहीं असें नव्हे. चीनमध्येंच निंगबोच्या शेंगलाँग समूहाशीं तिनें भागीदारी केली होती. २०१८ मध्यें विजेच्या मालमोटारी सिद्ध करणाऱ्या हॉलंडमधील इमॉस कंपनींत तिनें भाग घेतला, आणि भारतांत लहान मालगाड्यांना विजेचें यंत्र बसविण्याच्या उद्योगांतही हात घातला.

राजकारणाचा खेळ ह्याहून विलक्षण. पुण्याजवळील तळेगांवचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार चीनच्या ग्रेट वॉल कंपनीनें जानेवारी २०२० मध्यें केला. १५ जून रोजीं त्या कंपनीनें महाराष्ट्र शासनाशीं ३,७७० कोटी रुपयांच्या सामंजस्य करारावर सही केली. आणि त्याच रात्रीं गलवानच्या खोऱ्यांत वीस भारतीय जवान धारातीर्थीं पडले. करार स्थगित झाला, पुढें मंजुरीअभावीं २०२२ मध्यें व्यवहारच बारगळला. तळेगांवचा कारखाना २०२० च्या अखेरीस थंडावला होता आणि तेथील कामगारांचा निर्णय मात्र हिमालयाच्या कड्यावर होत होता. भांडवल अडवितां आलें, पण पुरवठा? ४ एप्रिल २०२५ रोजीं चीननें सात दुर्मिळ मृदा-धातु व त्यांचीं चुंबकें ह्यांच्या निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें, तेव्हां पुण्याच्या बजाज ऑटोला विजेच्या दुचाकींचें उत्पादन घटवावें लागलें. वेशीवर पाहुण्याला अडविलें, तरी घरांतील दिव्याचें तेल त्याच्याच घाण्यावरून यावयाचें, अशी ही अवस्था.

तथापि सोलापूरच्या ओतशाळेचा हिशेब इतक्यांत मिटलेला नाहीं. खुद्द चीनमध्यें विकल्या जाणाऱ्या ‘नव्या ऊर्जेच्या’ गाड्यांपैकीं बऱ्याचशा दुहेरी आहेत. त्यांत बॅटरीबरोबर पेट्रोलचें एंजिनही असतें. आणि तळेगांवचा तो कारखाना अखेर ह्युंदाईनें घेतला. २०२५ मध्यें तेथून जी नवी व्हेन्यू गाडी बाहेर पडूं लागली ती पेट्रोल व डिझेल एंजिनांची आहे, म्हणजे तिला झडपा आहेत, आणि त्या उघडणारा दांडा कोठल्या तरी ओतशाळेंतून यावयाचाच आहे.