तांब्याचा थर आणि त्यातल्या सीमा



माझ्या जिव्हाळ्याच्या विषयावर थोडं बोलतो : धातूचे पातळ थर.

जस्ताचा मुलामा दिलेला नवा पत्रा उन्हात तिरका धरा. चकाकत्या तुकड्यांची नक्षी दिसेल. त्यातला एकेक तुकडा म्हणजे जस्ताचा एकेक स्फटिक. इंजिनिअरिंगमध्ये त्याला ग्रेन म्हणतात. शेजारच्या दोन ग्रेनमध्ये अणूंच्या रांगा वेगवेगळ्या दिशांना असतात. त्या जिथे भिडतात तिथे रचना विस्कटते. ती ग्रेन बाउंड्री. धातू टिकणार की तुटणार, हे पुष्कळदा या सीमेवर ठरतं.

1960च्या दशकात चिपमधल्या ॲल्युमिनियमच्या बारीक वाहिन्या चालता चालता तुटू लागल्या. वाहणारे इलेक्ट्रॉन अणूंना ढकलत होते आणि अणू मुख्यतः या सीमांवरून सरकत होते. एकीकडे पोकळी, दुसरीकडे टेंगूळ. उपाय निघाला तो ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं मिसळण्याचा. ते सीमांवर जाऊन बसतं आणि अणूंचं सरकणं मंदावतं.

1997 मध्ये आयबीएमने वाहिन्याच तांब्याच्या करत असल्याचं जाहीर केलं. या तांब्याची एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ते विद्युत विलेपनाने चढवतात. ताज्या थरातले ग्रेन अतिशय बारीक असतात. तो थर नुसता टेबलावर ठेवून द्या, भट्टी नको, काही नको. काही तासांत, कधी काही दिवसांत, थोडे ग्रेन शेजारच्यांना गिळत मोठे होतात, सीमा घटतात आणि विद्युतरोध जवळजवळ एक पंचमांशाने उतरतो. ज्या तांब्याला वितळायला 1085 अंश सेल्सिअस लागतात, त्यात खोलीच्या तापमानाला एवढी उलथापालथ! कारण सीमेवरच्या अणूंची ऊर्जा जास्त असते आणि ती कमी करण्याकडे धातूचा कल असतो.

ग्रेन आणि त्यांच्या सीमा पाहायला मोठी प्रयोगशाळाच हवी असं नाही. जुन्या ओतीव पितळी मुठींवर वर्षानुवर्षांच्या हातांच्या घामाने ग्रेन उघडे पडतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे : शाळेत अशी मूठ असेल, तर तिला पॉलिश करण्याआधी मुलांच्या हाती भिंग द्या आणि त्या सीमा त्यांना वहीत काढू द्या.